भुलीच्या औषधाची उघडलेली कुपी : जपणूक आणि जंतुसंसर्ग

जळकोट भागातील शेतकऱ्याच्या दावणीचा लाल कंधारी किंवा देवणी बैल हे त्याचे जमिनीखालोखालचे भांडवल होय. शिंगाचा कर्करोग झालेल्या बैलाचे शिंग मुळापासून काढणे, अडलेल्या गाईचे वासरू पोट उघडून बाहेर घेणे, अशा कामांत जनावराला वेदना होऊ नयेत म्हणून पशुवैद्यक भुलीचे इंजेक्शन देतात. त्यासाठी बहुधा लिग्नोकेन हे औषध वापरले जाते. शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही टोचल्या जागी सूज किंवा पू दिसू लागला, तर जखमेबरोबरच औषधाच्या उघडलेल्या कुपीचाही विचार केला पाहिजे.

कुपी दूषित कशी होते?

कारखान्यातून आलेली सीलबंद कुपी निर्जंतुक असते. रबरी बुचातून पहिली सुई आत गेली की ही खात्री संपते. बुचावरील धूळ, हाताचा मळ किंवा वापरलेल्या सुईवरील रक्त यांबरोबर जंतू औषधात उतरतात. वारंवार औषध काढणे सोपे जावे म्हणून सुई बुचातच खोचून ठेवण्याची सवय काही ठिकाणी आढळते. ती सर्वांत घातक होय, कारण गोठ्यातील धुळीला त्यामुळे कुपीत शिरण्यास उघडी वाट मिळते.

अनेक मात्रांच्या कुपीत बहुधा मिथिल पॅराबेनसारखे परिरक्षक द्रव्य मिसळलेले असते. ते जंतूंची वाढ रोखते. परंतु आत शिरलेला प्रत्येक जंतू ते तत्काळ मारीत नाही व विषाणूंवर त्याचा भरवसा नाही. औषध स्वच्छ दिसते म्हणून ते शुद्ध आहे, असेही मानू नये. एका मिलिलिटरमध्ये लाखभर जंतू असले तरी द्रव डोळ्यांना नितळच दिसू शकतो.

शेपटीच्या मुळाशी, मणक्यांच्या पोकळीत भूल देताना हा धोका अधिक वाढतो. तेथे औषध मज्जारज्जूच्या आवरणापाशी सोडले जाते व संसर्ग थेट आत पोचू शकतो. या कामासाठी शक्यतो परिरक्षकरहित, एकदाच वापरावयाची नवी कुपी घ्यावी.

दोन जुने धडे

१९०२ सालच्या ऑक्टोबरमध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचली गेली. ती मुंबईतील परळच्या प्रयोगशाळेत तयार झाली होती. एकाच बाटलीतून लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. लसीचे जनक डॉ. हाफकिन यांच्यावर ठपका आला. पुढे असे दिसून आले की, बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ पासून ती प्रयोगशाळा त्यांच्याच नावाने ओळखली जाते. धनुर्वाताचे जंतू माती व शेण यांत राहतात. गोठ्यात तर ते हाताशीच असतात.

दुसरा धडा भुलीच्याच औषधाचा आहे. प्रोपोफॉल हे स्निग्ध दुधाळ औषध जंतूंना उत्तम खाद्य ठरते. १९९० ते १९९३ या काळात अमेरिकेतील सात रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतर संसर्गाच्या साथी उद्भवल्या. आधीच भरून ठेवलेल्या सिरिंजा व एकच कुपी अनेक रुग्णांना वापरणे, अशा चुका चौकशीत पुढे आल्या.

दवाखान्यात घ्यावयाची काळजी

१. प्रत्येक वेळी रबरी बूच ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून पूर्ण सुकू द्यावे.
२. प्रत्येक वेळी नवी निर्जंतुक सुई व सिरिंज घ्यावी. केवळ सुई बदलून जुनी सिरिंज वापरू नये.
३. कुपी प्रथम उघडल्याचा दिनांक तिच्यावर लिहावा. उत्पादकाने वेगळी मुदत दिली नसल्यास २८ दिवसांनंतर उरलेले औषध टाकून द्यावे. वेष्टनावर छापलेली मुदत ही सीलबंद कुपीची असते.
४. परिरक्षकरहित कुपीतील उरलेले औषध ठेवू नये. दोन कुप्यांतील उरलेले औषध एकत्र करू नये.
५. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. म्हणून कुपी वाहनात किंवा खिडकीपाशी ठेवू नये. छापील तापमानात, अंधाऱ्या जागी ठेवावी. शीतकपाटात जंतूंची वाढ मंदावते, जंतू मरत नाहीत. औषध गोठू देऊ नये.
६. औषध गढूळ झाल्यास, त्यात कण दिसल्यास किंवा ॲड्रेनॅलिनमिश्रित औषध गुलाबी वा तपकिरी झाल्यास ते वापरू नये.

पशुपालकांनी काय करावे?

शस्त्रक्रियेनंतर उरलेली कुपी ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून कोनाड्यात ठेवू नये व स्वतः टोचू नये. लिग्नोकेनची मात्रा जास्त झाल्यास जनावराला झटके येतात. शेळीला तर हा धोका अधिक असतो. वापरलेल्या सुया उकिरड्यावर न टाकता दवाखान्यात परत कराव्यात. इंजेक्शनची जागा शेणमातीपासून स्वच्छ करण्यास पशुवैद्यकास साहाय्य करावे आणि सुई नवी आहे ना, हे निःसंकोचपणे विचारावे.

उरलेले औषध फेकताना थोडे पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. परंतु ऐन पेरणीत बैल बसला, तर होणारे नुकसान कितीतरी कुप्यांच्या किमतीहून मोठे असते.