टाक्याही भरलेल्या, आसनंही भरलेली

बिझनेस जेटची चर्चा निघाली की वेग आणि किंमत आधी पुढे येते. विमान चालवणाऱ्याचा प्रश्न मात्र वेगळा असतो: टाक्या काठोकाठ भरल्यावर माणसं किती नेता येतील? अनेक छोट्या जेटमध्ये पूर्ण इंधन घेतलं की मोजक्याच प्रवाशांपुरतं वजन शिल्लक राहतं. आठ जण न्यायचे असतील, तर इंधन कमी घ्यायचं आणि वाटेत कुठेतरी उतरायचं.

‘सुपर-मिडसाइज’ हा वर्ग या अडचणीतून उभा राहिला, आणि त्याचा सगळ्यात चोख नमुना म्हणजे कॅनडाच्या बॉम्बार्डियरचं चॅलेंजर. 1999 च्या पॅरिस एअर शोमध्ये ‘काँटिनेंटल’ या नावानं ते जाहीर झालं. आठ प्रवासी घेऊन अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर न थांबता जायचं, ही त्यामागची मागणी. ऑगस्ट 2001 मध्ये पहिलं उड्डाण झालं आणि जानेवारी 2004 मध्ये चॅलेंजर 300 या नावानं ते सेवेत आलं.

त्याच सुमारास अमेरिकेत हॉकर होरायझन, म्हणजे पुढचं हॉकर 4000, आकार घेत होतं. त्याची घोषणा तर 1996 मध्येच झालेली. कार्बन कंपोझिटचं धड ही धाडसी कल्पना होती. पण विकास लांबत गेला, ग्राहकाच्या हाती विमान पडायला 2008 उजाडलं, तोच मंदी आली. 2012 मध्ये ते बनवणाऱ्या कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. चॅलेंजरचं धड साधं अॅल्युमिनियमचं, नियंत्रणं जुन्या धाटणीची. हा संयमच मला त्याचा मोठा गुण वाटतो.

आत पाऊल टाकल्यावर आधी लक्ष जातं ते जमिनीकडे. मधल्या वाटेला खाच नाही, पुढपासून मागपर्यंत एकच सपाटी. उंची 1.83 मीटर, रुंदी साधारण 2.2 मीटर, बहुतेकांना मान न वाकवता चालता येतं. समोरासमोर चार-चार आसनांचे दोन गट, पुढे छोटं स्वयंपाकघर, मागे स्वच्छतागृह आणि त्याच्याही मागे सामानाची खोली. उडत्या विमानात तिथे जाऊन बॅगेतून स्वेटर काढता येतो. बसणाऱ्याला ही सोय संगमरवरी टेबलापेक्षा मोलाची वाटते.

2014 मध्ये 350 आलं आणि 2022 मध्ये 3500. या नव्या रूपातली खरी सुधारणा डोळ्यांना दिसत नाही, ती हवेच्या दाबात आहे. विमान 41,000 फुटांवर असताना केबिनमधला दाब 4,850 फुटांवरच्या हवेइतका राखला जातो. म्हणजे महाबळेश्वरहून जरा उंच, पण कळसूबाईच्या माथ्यापेक्षा खाली. प्रवासी विमानांना ही मर्यादा 8,000 फुटांपर्यंत चालते. सहा-सात तासांनंतर उतरताना अंग किती आंबलेलं असेल, हे बरंचसं या फरकावर ठरतं.

3500 चा पल्ला सुमारे 6,300 किलोमीटर. मुंबईहून सिंगापूर, इस्तंबूल, अथेन्स सहज गाठता येतात. लंडन मात्र नाही, ते अंतर 7,200 च्या घरात जातं. एम्ब्रेअरच्या प्रेटर 600 चा पल्ला कागदावर 7,400 हून अधिक आहे. त्यात फ्लाय-बाय-वायर, म्हणजे विद्युत संकेतांवर चालणारी नियंत्रणं आहेत, हवेतले धक्के कमी करणारी यंत्रणाही आहे. पण पश्चिमेला लंडनकडे जाताना समोरचा वारा त्यातलं फार कमी शिल्लक ठेवतो. सेस्ना सायटेशन लाँजिट्यूड आणि इस्राएलमध्ये बांधलं जाणारं गल्फस्ट्रीम जी280 याच पंगतीतले.

यांच्याहून काहीसं मोठं फ्रान्सच्या दासोचं फाल्कन 2000. त्याचं नाक नागपूरच्या मिहानमध्ये 2019 पासून तयार होतंय. जून 2025 मध्ये दासो आणि रिलायन्सनं अख्खं विमानच तिथे जोडायचं जाहीर केलं. फ्रान्सबाहेर फाल्कनची अंतिम जोडणी पहिल्यांदाच होणार आहे, आणि तिथे बांधलेलं पहिलं विमान 2028 पर्यंत उडवायचं लक्ष्य आहे.