मूळ चित्रपान विकावे कोठे?

२०२२ सालच्या जानेवारीत अमेरिकेतील डॅलस शहरी, हेरिटेज या लिलावगृहात एका कागदाची विक्री झाली. ‘सीक्रेट वॉर्स’ या कॉमिक्स मालिकेच्या आठव्या अंकातील पंचविसावे पान, एवढीच त्या कागदाची ओळख. माइक झेक या चित्रकाराने रेखाटलेल्या त्या पानावर स्पायडरमॅनच्या काळ्या पोशाखाचा जन्म दाखविला आहे. पानाला किंमत आली ३३ लाख ६० हजार डॉलर. ज्या अंकात ते १९८४ साली छापले गेले, त्या संपूर्ण अंकाची किंमत ७५ सेंट होती.

अशी बातमी वाचली की, ज्यांच्या घरी एखादे जुने मूळ चित्रपान आहे त्यांच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो: हे विकावे कोठे? जेथे सर्वाधिक भाव मिळेल तेथे, हे उत्तर सरळ दिसते. परंतु ते अर्धेच खरे आहे. विक्रीची जागा निवडणे म्हणजे केवळ भाव निवडणे नव्हे. त्या पैशातील वाटा कोणाकोणाला मिळणार आणि ते पान पुढे कोणाच्या दृष्टीस पडणार, हेही त्याच निवडीने ठरून जाते.

मूळ पान म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. छापील पानाहून मोठ्या आकाराच्या जाड कागदावर एक चित्रकार पेन्सिलीने आकृत्या काढतो, बहुधा दुसरा त्यावर शाई चढवितो, तिसरा संवादांची अक्षरे लिहितो. कडेला संपादकाच्या सूचना आणि चुकलेल्या रेषेवर फासलेला पांढरा रंगही तेथे दिसतो. अमेरिकेतील प्रकाशक कित्येक दशके या पानांकडे छपाई उरकल्यानंतरची रद्दी म्हणूनच पाहत होते. काही पाने नष्ट झाली, काही वाटली गेली, काही गोदामात पडून राहिली. चित्रकाराला दर पानामागे ठरलेला मेहनताना मिळाला की व्यवहार संपला, अशी रीत होती. १९७० च्या दशकाच्या मध्यावर मोठ्या प्रकाशनसंस्था मूळ पाने चित्रकारांना परत देऊ लागल्या. परंतु जुन्या पानांचा प्रश्न तसाच राहिला. मार्व्हलच्या कित्येक नायकांना रूप देणारे जॅक कर्बी यांना १९८४ साली केवळ ८८ पाने देऊ करण्यात आली, तीही इतर कोणावर न लादलेल्या अटींचा लांबलचक कागद पुढे करून. व्यवसायातील चित्रकारांनी आवाज उठविल्यानंतर १९८७ साली सुमारे दोन हजार पाने त्यांच्या हाती आली. त्यांनी काढलेल्या एकूण पानांच्या मानाने ती थोडीच होती.

म्हणून विक्रीपूर्वीचा पहिला प्रश्न मालकीचा आहे. पान आपल्याकडे कसे आले, हे सांगता आले पाहिजे. चित्रकाराची चिठ्ठी, खरेदीची पावती, भेट दिल्याचा दोन ओळींचा मजकूर, यांचे मोल पुढे कळते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पानाचा मालक हा त्यावरील चित्राच्या स्वामित्वहक्काचा मालक नसतो. कागद विकता येतो. ते चित्र पुन्हा छापण्याचा अधिकार त्याबरोबर जात नाही.

आता जागांकडे वळू. लिलावगृहाचे बळ स्पर्धेत आहे. एकाच पानासाठी दोन हट्टी संग्राहक समोरासमोर आले की भाव सर्व अंदाज ओलांडतो. परंतु वर्तमानपत्रात येणारा आकडा विक्रेत्याच्या खिशात जाणारा नसतो. समजा, दहा हजार डॉलरवर हातोडा पडला. त्यावर खरेदीदाराकडून लिलावगृह सुमारे पाचवा हिस्सा अधिक घेते आणि बातमीत बारा हजार छापले जातात. विक्रेत्याला मात्र दहा हजारांतूनही ठरलेले कमिशन वजा होऊनच रक्कम मिळते. शिवाय पान विकले गेलेच नाही, तर ते अपयश सर्वांदेखत होते आणि पुढच्या खेपेस भाव पाडायला कारण मिळते. गाजलेले मुखपृष्ठ किंवा एखाद्या पात्राचे प्रथमदर्शन यांनाच लिलाव खऱ्या अर्थाने मानवतो. साध्या संवादाचे पान तेथे गर्दीत हरवते.

अशा पानासाठी व्यापारी बरा. तो रोख रक्कम देतो किंवा पान ठेवून घेऊन विकल्यावर आपली अडत कापतो. रोखीत भाव कमी मिळतो, कारण जोखीम त्याने उचललेली असते. ठेवीत वेळ लागतो, आणि मुदत व किमान किंमत लेखी नसेल तर मनस्तापही होतो. हयात चित्रकाराला तिसरी वाट आहे. १९७० पासून भरणाऱ्या सॅन डिएगोच्या कॉमिक्स मेळ्यासारख्या ठिकाणी तो स्वतःच्या मेजावर स्वतःची पाने विकतो. मध्ये कोणी नाही, आणि खरा वाचक समोर उभा असतो. येथे लाखांचे आकडे नसतात. पण पहिल्या विक्रीचा जवळजवळ सर्व पैसा श्रम करणाऱ्याच्याच हाती पडतो.

भूगोलही विसरता येत नाही. टिनटिनचा निर्माता एर्जे याने १९३६ साली रंगविलेले आणि छपाईच्या खर्चामुळे नाकारले गेलेले ‘ब्लू लोटस’चे मुखपृष्ठ २०२१ साली पॅरिसमध्ये सुमारे ३२ लाख युरोंना गेले. फ्रेंच भाषेत टिनटिन वाचून वाढलेला संग्राहक जेथे आहे, तेथेच त्याची खरी पेठ. युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशामुळे तेथे आणखी एक फरक पडतो. व्यावसायिक पुनर्विक्रीच्या किमतीतील एक छोटा वाटा चित्रकाराला, आणि मृत्यूनंतर सत्तर वर्षे त्याच्या वारसांना मिळतो. अमेरिकेत असा देशव्यापी कायदा नाही.

त्याचा अर्थ काय होतो, हे हर्ब ट्रिम्प यांच्या पानावरून कळते. वुल्व्हरिन हे पात्र प्रथम दिसले ते ‘हल्क’च्या १८० व्या अंकाचे शेवटचे पान त्यांनी १९८३ साली एका किशोरवयीन वाचकाला सहज देऊन टाकले. पुढे काम सुटल्यावर हाच चित्रकार शाळेत कलाशिक्षक झाला. २०१४ साली ते पान लिलावात ६,५७,२५० डॉलरला गेले. विक्रेत्याने त्यातील मोठा भाग विपन्न चित्रकारांना साह्य करणाऱ्या संस्थेला दिला, हे त्याचे औदार्य. पण चित्रकाराचा वाटा परक्याच्या औदार्यावर अवलंबून राहावा, ही व्यवस्था न्याय्य कशी म्हणता येईल?

आणखी एक जागा आहे, जेथे विक्रीच होत नाही. स्टीव्ह डिटको यांनी चितारलेल्या, स्पायडरमॅनच्या प्रथम अवतरणाच्या १९६२ च्या अंकाची सर्व चोवीस मूळ पाने २००८ साली एका अनामिक दात्याने अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिली. सुटी विकली असती तर ती चोवीस घरांत पांगली असती. आज कोणीही अभ्यासक ती सलग पाहू शकतो. बाजार सुट्या पानाला भाव देतो. कथा सलग राहावी याची काळजी तो वाहत नाही. विचित्र गोष्ट अशी की, अशा दानाबद्दल संग्राहकाला बाजारभावाप्रमाणे करसवलत मिळू शकते. चित्रकाराने स्वतःचेच चित्र दिले, तर १९६९ पासूनच्या अमेरिकी कायद्याने केवळ कागद-शाईच्या खर्चाएवढी! मग त्याची पाने ग्रंथालयाऐवजी बाजाराकडे वळली, तर दोष त्याला देता येणार नाही.

हा प्रश्न आपल्यालाही अगदी परका नाही. ‘अमर चित्रकथा’साठी राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम यांनी काढलेल्या चित्रांवर मराठी मुलांच्या पिढ्या वाढल्या. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३-अ आले. दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला मूळ चित्र पुन्हा विकले गेले, तर कलावंताला दहा टक्क्यांपर्यंत वाटा मागता येतो. मात्र त्या चित्राचा पहिला हक्क त्याच्याकडे असला पाहिजे, ही अट आहे. नोकरीत काढलेल्या चित्राचा पहिला हक्क सामान्यतः मालकाकडेच जातो. म्हणजे ज्याला या कलमाची सर्वाधिक गरज, तोच त्यातून निसटतो. ही उणीव दूर व्हायला हवी.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर विक्रेत्याचा विवेक हाच आधार आहे. पान हाती आल्याचा पुरावा जपावा. कथा संपूर्ण असेल तर ती फोडण्यापूर्वी एखाद्या ग्रंथालयाला विचारावे. असामान्य पान लिलावाला, साधे पान व्यापाऱ्याला किंवा मेळ्याला द्यावे, आणि प्रत्येक अट लेखी घ्यावी. चित्रकार हयात असेल, तर कायदा सांगत नसतानाही त्याला त्याचा वाटा पोचवावा. छापखान्याने रद्दी ठरविलेल्या कागदाला आज जे मोल आले आहे, ते अखेर त्याच्याच हाताचे आहे.