उन्हावर जगणारा शिंपला



कोकणातल्या मंडळींना शिंपला नवा नाही. ओहोटी लागली की खाडीत उतरून तिसऱ्या वेचायच्या, खडकाला चिकटलेली कालवे फोडून काढायची, हे तिथे लहान पोरही जाणते. घाटावरच्या श्रोत्यांनीसुद्धा नदीच्या वाळूत शिंपले पाहिले असतील. पण हे सारे मुठीत मावणारे. आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे तो शिंपला पुरा वाढला म्हणजे सव्वा मीटरपर्यंत लांब होतो आणि त्याचे वजन दोनशे किलोच्या वर जाते. धान्याची भरलेली दोन पोतीच म्हणा ना! इंग्रजीत त्याला जायंट क्लॅम म्हणतात. आपण त्याला महाशिंपला म्हणू. हिंदी आणि प्रशांत महासागरांत जिथे प्रवाळ आहे तिथे त्याचे हे कूळ राहते. आपल्या लक्षद्वीप आणि अंदमान बेटांभोवतीही त्याचे काही भाऊबंद आहेत.

जुन्या साहसकथांत हा शिंपला पाणबुड्याचा पाय पकडून त्याला बुडवतो. अशा रीतीने कोणी माणूस दगावल्याची खात्रीची नोंद नाही. खरे म्हणजे फार मोठ्या महाशिंपल्याला आपली दोन्ही झाकणे पुरती मिटतादेखील येत नाहीत.

तर या कुळातल्या लहान जाती युरोप-अमेरिकेतले हौशी लोक घरच्या काचपेटीत पाळतात. क्रोसिया नावाची जात फार तर वीतभर वाढते, मॅक्सिमा तिच्यापेक्षा मोठी. विकत मिळतो तो शिंपला बहुधा चार-दोन बोटे लांबीचा असतो. पेटीत खारे पाणी, थोडे दगड, थोडे प्रवाळ, दोन-तीन मासे, आणि मध्ये हा निळा-जांभळा पसरलेला. पाहणारा हरखून जातो. पण लहान पेटीत तो पुष्कळदा काही महिन्यांतच मरतो. तो का मरतो हे समजून घेतले, म्हणजे समुद्र त्याच्यासाठी रोज काय काय करत असतो तेही समजते. म्हणून हा विषय.

दारातल्या कुत्र्याला आपण भाकरी घालतो, पेटीतल्या माशाला दाणे टाकतो. या प्राण्याला काय घालायचे? तर मुख्यतः ऊन. इतर शिंपले चिखलात किंवा खडकात अंग लपवतात. हा उलटा, बिजागरी खाली आणि तोंड वर करून बसतो आणि शिंपल्याच्या कडेबाहेर आपला मांसल पडदा वाळवणासारखा उन्हात पसरतो. त्या पडद्यात एकपेशीय शेवाळ असते. एवढे बारीक की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही. हे शेवाळ उन्हात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा साखरेच्या रूपाने शिंपल्याला मिळतो. शिंपला त्याच्या बदल्यात शेवाळाला राहायला जागा देतो, आणि आपल्या अंगातून निघणारा कर्बवायू व अमोनिया देतो. अमोनिया म्हणजे शेवाळाचे खतच.

असे भागीदारीचे संसार आपल्या ओळखीचे आहेत. गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल ही एक वनस्पती नव्हे; ती बुरशी आणि शेवाळ यांची जोडी आहे. याहून जवळचे उदाहरण शेतकरी बंधूंच्या हातात रोज येते. हरभरा किंवा भुईमूग मुळासकट उपटला तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्यांत जिवाणू राहतात, ते हवेतला नत्र पिकाला देतात आणि पिकाकडून साखर घेतात. हरभऱ्याचे बी हे जिवाणू पोटात घेऊन जन्माला येत नाही, ते त्याला जमिनीतून मिळवावे लागतात. महाशिंपल्याचेही तसेच आहे. त्याच्या अंड्यात शेवाळ नसते. पिल्लू ते पाण्यातून तोंडाने घेते, आणि पोटापासून निघालेल्या नाजूक नळ्यांच्या जाळ्यातून ते पडद्यापर्यंत पोचते.

हे कळायला वेळ लागला. मॉरिस यंग या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली १९२८-२९ साली एक मोहीम ऑस्ट्रेलियाजवळच्या मोठ्या प्रवाळरांगेवर गेली होती. तिथे त्यांनी या शिंपल्यांचा अभ्यास केला. शिंपला शेवाळाची शेती करतो आणि पीक आले की तेच पचवून खातो, असा त्यांचा समज झाला. शेवाळ नळ्यांच्या आत राहते आणि शिंपल्याला मुख्यतः तयार अन्न पुरवते, हे चित्र पुढे स्पष्ट झाले. त्या नळ्यांचे सविस्तर वर्णन १९९२ साली प्रसिद्ध झाले. पडद्यावरची ती मोरपिशी चमकही नुसती शोभेची नाही. तिथल्या खास पेशी कामाचा प्रकाश आत, शेवाळाच्या उभ्या रांगांपर्यंत पसरवून देतात आणि नको तो परतवतात, असे २०१४ साली दाखवण्यात आले. दाट पेरलेल्या पिकात खालच्या पानांना ऊन मिळत नाही, ही आपली नेहमीची अडचण. या प्राण्याने ती अशी सोडवली आहे.

आता काचपेटीकडे वळू. पहिली गरज अर्थातच उजेडाची. दिवाणखान्यातला साधा दिवा इथे कामाचा नाही. फार प्रखर दिवे रोज दहा-बारा तास लावावे लागतात. उजेड कमी पडला तर शिंपला लगेच मरत नाही. तो साठवणीवर जगतो, हळूहळू फिका पडतो, आणि मालकाला वाटते सारे ठीक आहे. लहान पिल्लांचे एवढ्यावर भागत नाही. सगळे शिंपले पाणी गाळून त्यातले सूक्ष्म अन्न घेतात तसे हाही घेतो, आणि वय जितके कमी तितका या अन्नाचा वाटा मोठा. उलट, मंद उजेडात राहिलेला शिंपला एकदम प्रखर दिव्याखाली ठेवला तरी तो होरपळतो. रोप सावलीतून उन्हात काढताना जसे सवयीसवयीने काढतात तसेच हे काम.

दुसरी गरज चुन्याची. शिंपला म्हणजे बहुतांशी चुनखडी, आणि ती तो पाण्यातल्या कॅल्शियममधून बनवतो. इथे गुरुजींनी फळ्यावर एक हिशोब मांडून पाहावा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. शंभर लिटरच्या पेटीत ते झाले ४२ ग्रॅम. शंभर ग्रॅम चुनखडीत ४० ग्रॅम कॅल्शियम असते. समजा, शिंपल्याने आणि शेजारच्या प्रवाळांनी मिळून महिन्यात दहा ग्रॅम चुनखडी अंगावर चढवली. म्हणजे ४ ग्रॅम कॅल्शियम गेले आणि पाण्यात लिटरमागे ३८० मिलिग्रॅम उरले. असे तीन-चार महिने कोणी लक्ष दिले नाही तर शिंपल्याची वाढ थांबलीच म्हणून समजा. समुद्रात हा प्रश्न येत नाही, कारण तिथे साठा अमर्याद आहे. इथे साठा घागरीचा आहे.

यावरचा उपाय ऐकून आपल्या आजीबाई हसतील. तो आहे चुन्याची निवळी! जर्मनीतल्या हौशी लोकांनी तो रूढ केला, आणि इंग्रजी बोलणारेही तिला जर्मन नावानेच ओळखतात. शुद्ध चुना पाण्यात ढवळायचा, गाळ बसू द्यायचा, वरचे स्वच्छ पाणी थेंबथेंब पेटीत सोडायचे. एक लिटर निवळीत साधारण एक ग्रॅमला थोडे कमी इतके कॅल्शियम असते. वरच्या हिशोबातली तूट भरून काढायला रोज पेलाभर निवळी पुरते. मात्र ती दाहक असते. एकदम ओतली तर पेटीतले जीव मरतील. शाळेत आपण नळीने निवळीत फुंकर मारतो आणि ती दुधाळ होते, तो प्रयोग इथे आठवावा. श्वासातल्या कर्बवायूमुळे तिच्यातला चुना खडू होऊन खाली बसतो. निवळी उघडी राहिली तर हवेनेही तेच होते आणि तिचा उपयोग संपतो. म्हणून भांडे झाकलेले हवे. पानाचा किंवा भिंतीचा चुना या कामाला चालत नाही, त्यात काय मिसळले आहे याचा भरवसा नसतो.

तिसरी गोष्ट साधी, पण लहान पेटीत तीच जास्त घात करते. प्रखर दिव्यांनी पाणी उडून जाते. उडते ते पाणी. मीठ मागेच राहते, हे मिठागरवाल्यांना सांगायला नको. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. शंभर लिटरांतले पाच लिटर उडाले तर तेच प्रमाण ३७ च्या घरात जाते. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याने घालायची, खाऱ्याने नव्हे. नवशिक्यांची इथेच चूक होते. ऊष्णतेचेही तसेच. घागरभर पाणी चटकन तापते आणि चटकन निवते, तलाव तसा हलत नाही. लहान पेटी सोपी असे लोकांना वाटते, पण खरे अवघड काम तिचेच आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. तांब्याचा अंश या प्राण्याला विषासारखा बाधतो. माशांच्या रोगावरची काही औषधे ताम्रयुक्त असतात, ती त्याच्या पेटीत कधीही घालू नयेत, आणि तांब्याच्या घंगाळात साठवलेले पाणीही नको. काही सुंदर मासे त्याचा पडदा कुरतडतात. तांदळाच्या दाण्याएवढ्या गोगलगायी रात्री येऊन त्याचा रस शोषतात, त्या चिमट्याने वेचून काढाव्या लागतात. क्रोसिया आणि मॅक्सिमा तळच्या बाजूने रेशमासारखे धागे काढून दगडाला घट्ट बिलगतात. जागा बदलायची म्हणून ओढून काढले तर तो अवयवच फाटतो आणि प्राणी जातो. धागे दगडाजवळ पात्याने कापावे. पेटी नवी असेल तर काही महिने थांबावे. पाणी फारच निर्मळ ठेवणेही चूक, कारण माशांच्या मळातून मिळणारा नत्र शेवाळाला हवा असतो.

आता माझ्या मनातला खरा प्रश्न. एवढा खटाटोप करून हा जीव घरात ठेवावा का? समुद्रातून उपटून आणायचा असेल तर मुळीच ठेवू नये. १९६० आणि १९७० च्या दशकांत त्याच्या स्नायूच्या मांसासाठी परदेशी नौकांनी प्रशांत महासागरातली प्रवाळबेटे लुटली. पुढे शिंपल्याच्या कोरीव वस्तूंसाठी दक्षिण चीन समुद्राचे तळ खरवडले गेले. सर्वांत मोठी जात २०२४ साली अतिसंकटग्रस्त ठरवली गेली. एका ठिकाणचे शिंपले विरळ झाले की अडचण वाढते, कारण नराचे बीज आणि अंडी दोन्ही पाण्यात सोडली जातात. शेजारी कोणी नसेल तर अंडी वाया जातात.

पलाऊ नावाच्या प्रशांत महासागरातल्या बेटांवर मात्र वेगळा मार्ग निघाला. तिथल्या मालाकाल बेटावरच्या केंद्रात जेराल्ड हेस्लिंगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात महाशिंपल्यांची मोठ्या प्रमाणावर पैदास करून दाखवली. टाक्यांत अंडी फलित करायची, आठवडा-दीड आठवडा पिल्ले तरंगत ठेवायची, ती तळाला बसू लागली की वाढवायची, मग जाळीच्या पिंजऱ्यांतून समुद्रात. पिल्लांना शेवाळ लागते म्हणून मोठ्या शिंपल्याच्या पडद्याचा तुकडा वाटून त्यातले शेवाळ त्यांच्या पाण्यात सोडतात. हरभऱ्याच्या बियाण्याला आपण जिवाणू खत चोळतो, तोच हा प्रकार. अशा केंद्रांतले शिंपले पेटीसाठी विकले गेले तर बेटावरच्या लोकांच्या हाती पैसा येतो आणि प्रवाळ वाचते. तरी विकत घेणाऱ्याने एक ध्यानात ठेवावे. डेरासा ही जात बोटभर असताना गोजिरी दिसते, पण ती अर्धा मीटर वाढते. मग पेटी पुरत नाही, आणि परक्या पाण्यातला प्राणी कुठल्याही समुद्रात सोडून देता येत नाही, त्याच्याबरोबर रोग जाण्याची भीती असते.

आपल्याकडे हा प्रश्न कायद्याने बराचसा सुटलेला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली मॅक्सिमा आणि स्क्वामोसा या महाशिंपल्याच्या जाती आल्या. दगडी प्रवाळही तिथेच आहे. ते समुद्रातून काढणे, विकणे, घरात बाळगणे गुन्हा आहे, रिकामा शिंपलासुद्धा सुटत नाही. आणि १९८५ पासून हे सारे कूळ आंतरराष्ट्रीय करारात असल्यामुळे परवान्याशिवाय ते एका देशातून दुसऱ्या देशात नेता येत नाही. तेव्हा कोणी शाळेच्या संग्रहासाठी शिंपला आणून देतो म्हणाला, तर गुरुजींनी नको म्हणावे.

पाहायला मात्र मनाई नाही. लक्षद्वीपच्या उथळ खाजणात नितळ पाण्यातून, काचेच्या तळाच्या होडीतून किंवा डोळ्यांवर काचपट्टी लावून, दगडात रुतलेला मॅक्सिमा दिसू शकतो. पडद्याच्या कडेला त्याला शेकडो बारीक डोळे असतात. त्यांना चित्र नीट दिसत नाही, पण सावली कळते. तुमचा हात वरून गेला की पडदा झटकन आत ओढला जाईल. हात लावू नका. जरा बाजूला होऊन थांबा. थोड्या वेळाने तो पुन्हा उन्हात पसरेल.