टाक्या चोवीस, पंप किती?

घरात माशांची एकच टाकी असते तेव्हा हवेच्या पंपाचा फारसा विचार कोणी करत नाही. दुकानातून छोटा पंप आणायचा, नळी पाण्यात सोडायची, झाले. पण गप्पी, मॉली असे मासे हौसेने वाढवणाऱ्याच्या घरी बघता बघता एक खोलीच टाक्यांनी भरून जाते. समजा, लोखंडी मांडणीचे तीन कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्प्यात आठ, म्हणजे एकूण २४ टाक्या आहेत. आता २४ छोटे पंप घ्यायचे, की एकच मोठा? आणि मोठा म्हणजे केवढा? या घरगुती प्रश्नात शाळेतले बरेच पदार्थविज्ञान दडलेले आहे.

आधी पंप नेमके काय करतो ते पाहू. बुडबुड्यांतला ऑक्सिजन पाण्यात विरघळतो, म्हणून मासे जगतात, असे आपण सहज म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. बुडबुडा पाण्यात असतो जेमतेम एक-दोन सेकंद. तेवढ्यात थोडासाच ऑक्सिजन विरघळतो. त्याचे मोठे काम वेगळेच आहे. वर चढताना तो तळाचे पाणी आपल्याबरोबर वर आणतो आणि पृष्ठभाग हलता ठेवतो. हवा आणि पाणी यांची खरी देवाणघेवाण होते ती या पृष्ठभागावर. स्पंजचा फिल्टरही याच युक्तीवर चालतो. उभ्या नळीत बुडबुडे सोडले की नळीतले हवामिश्रित पाणी हलके होऊन वर जाते आणि त्याच्या जागी स्पंजमधून गाळलेले पाणी येते. आपल्याकडे उन्हाळ्यात याचे महत्त्व वाढते. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच.

आता दाबाकडे वळू. पाण्याखाली ३० सेंटिमीटरवर बुडबुडा सोडायचा असेल, तर पंपाला ३० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका जादा दाब द्यावा लागतो. त्याखेरीज नळी, व्हॉल्व्ह आणि हवेचा दगड यांचा अडथळा असतोच. बारीक छिद्रांचा, शेवाळ धरलेला जुना दगड तर पाण्यापेक्षाही जास्त अडवू शकतो. नळी जितकी अरुंद, तितका अडथळा झपाट्याने वाढतो. संथ प्रवाहात नळीचा व्यास निम्मा केला, तर तेवढीच हवा ढकलायला सोळापट दाब लागतो. म्हणून खोलीभर फिरवायचा मुख्य पाइप चांगला रुंद, पीव्हीसीचा घ्यावा आणि बारीक नळ्या फक्त शेवटच्या हातभर अंतरासाठी ठेवाव्यात.

येथे विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारा. पंप जमिनीवर आहे. वरच्या कप्प्यातल्या टाकीला जास्त दाब लागेल का? बहुतेक जण 'हो' म्हणतील. पाण्याचा पंप असता तर ते बरोबर होते. पण नळीत हवा आहे आणि एक घनमीटर हवेचे वजन सव्वा किलोच्या आतच भरते. दोन मीटर उंच हवेच्या स्तंभाचा दाब पाण्याच्या अडीच मिलिमीटरपेक्षाही कमी. म्हणजे टाकी किती उंचावर आहे ते विसरून जावे. टाकीच्या आत नळी किती खोल आहे तेवढेच पाहावे.

मग खोक्यावर छापलेला 'मिनिटाला ६० लिटर' हा आकडा काय सांगतो? पुष्कळदा तो नळीचे तोंड मोकळे असतानाचा असतो. दाब वाढत जातो तशी हवा कमी होत जाते आणि एका ठरावीक दाबाला ती थांबते. समजा, हा पंप १२० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाला थांबतो आणि मधली घट साधारण सरळ रेषेत आहे. आपल्या टाक्यांत नळी ३० सेंटिमीटर खोल आहे, अडथळ्यांसाठी आणखी ३० धरू. ६० सेंटिमीटरला पंप निम्मी, म्हणजे ३० लिटर हवा देईल. प्रत्येक टाकीला मिनिटाला एक लिटर धरले तर २४ लिटर लागतील. भागले, वर थोडी शिल्लकही राहिली. हाच पंप ८० सेंटिमीटरला थांबणारा असता, तर १५ लिटरच मिळाले असते. आकडा तोच, पण नऊ टाक्या कोरड्या! म्हणून विकत घेताना प्रवाहाबरोबर दाबही विचारावा, आणि 'अमुक दाबाला किती हवा' असे सांगणारा आलेख मिळाला तर फारच उत्तम.

असा आलेख शाळेतही काढता येतो. छोटा पंप आणि पाण्याने भरलेला खोल पिंप घ्या. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंचावर ठेवा. एक लिटरची बाटली पाण्याने भरून पिंपात उलटी धरा आणि नळीचे टोक तिच्या तोंडाशी ठेवा. तोंड १०, २०, ३०, ४० सेंटिमीटर खोल असताना बाटली हवेने भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. आडव्या अक्षावर खोली, उभ्या अक्षावर मिनिटाला मिळणारी हवा. रेषा अगदी सरळ येणार नाही, पण उतरती नक्की येईल.

एका पंपावर अनेक टाक्या जोडल्या की आणखी एक गंमत दिसते. सगळी हवा सर्वांत उथळ टाकीत पळते आणि खोल टाकीतले बुडबुडे बंद होतात. त्यामुळे प्रत्येक फाट्याला व्हॉल्व्ह हवाच. उथळ टाकीचा आवळायचा, खोल टाकीचा सैल ठेवायचा. मुख्य पाइपची दोन टोके जोडून त्याचे खोलीभर कडे केले, तर कोणत्याही टाकीकडे हवा दोन्ही बाजूंनी येते आणि दाब बराचसा सारखा राहतो. उरलेली हवा मात्र कोंडू नये. कोंडली की दाब चढतो, पंप तापतो आणि छोट्या पंपातला रबरी पडदा लवकर फाटतो. ती एका जादा व्हॉल्व्हने बाहेर सोडावी.

विजेचा हिशेब सोपा आहे. तीन वॅटचे २४ पंप म्हणजे ७२ वॅट, महिन्याला सुमारे ५२ युनिट. तेच काम ३५ वॅटच्या एका पंपाने झाले, तर २५ युनिट. पण एकच पंप म्हणजे तो बंद पडला की चोवीसही टाक्या एकदम संकटात. आम्हाला विचाराल तर त्याच कड्यावर दोन मध्यम पंप जोडावेत, आणि त्यांतला एक तरी इन्व्हर्टरवर चालावा. प्रत्येकाच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणारी झडप बसवायला विसरू नये, नाहीतर चालू पंपाची हवा बंद पंपातून परत बाहेर जाईल. वीज गेल्यावर पाणी नळीत मागे चढते, आणि टाकी काठोकाठ भरलेली व पंप खाली असेल तर वक्रनलिकेप्रमाणे ते पंपात उतरू शकते. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंचावर, भिंतीतल्या फळीवर ठेवला की ही भीती उरत नाही.

जागा निवडताना आणखी एक गोष्ट पाहावी. पंप ज्या खोलीतली हवा ओढतो तीच पाण्यात जाते. डास मारण्याच्या अनेक वड्यांत, द्रवांत आणि फवाऱ्यांत पायरेथ्रॉइड वर्गाची द्रव्ये असतात आणि माशांना ती फार विषारी ठरतात. त्यामुळे पंपाची हवा ओढणारी बाजू अशा खोलीत असू नये. शक्य झाल्यास ती नळीने खिडकीबाहेर काढावी आणि तोंडाशी धूळ अडवणारा बोळा लावून तो दरमहा बदलावा.