करसवलत, जंगल आणि लहान शेतकरी

जंगल राखावे, झाडे लावावीत, असे सरकारने नुसते सांगून भागत नाही. जंगल उभे ठेवणाऱ्याच्या पदरात काय पडते, यावर पुष्कळ अवलंबून असते. या बाबतीत मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशाने कराच्या साधनाने जे प्रयोग केले, ते ग्रामीण कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी समजून घेण्याजोगे आहेत. हा देश विस्ताराने महाराष्ट्राच्या सुमारे सहाव्या हिश्श्याएवढा असून कॉफी, केळी व गुरेपालन ही तेथील शेतीची जुनी अंगे होत.

१९४० च्या सुमारास या देशाचा बहुतांश भाग वनाच्छादित होता. १९८० नंतरच्या दशकात ते प्रमाण बरेच घसरले. कित्येक अंदाजांनुसार चौथ्या हिश्श्याच्या आसपास आले. याला सरकारी धोरणाचाही हातभार लागला होता. मोकळ्या जमिनीवर हक्क सांगणाऱ्याने जंगल तोडले, म्हणजे त्याने जमिनीत सुधारणा केली, असे कायदा मानीत असे. शिवाय गोमांसाची निर्यात वाढावी म्हणून कुरणांसाठी स्वस्त कर्जे मिळत. अशा स्थितीत जंगल राखणारा शेतकरी व्यवहारशून्य ठरला, तर नवल नाही.

१९७९ पासून सरकारने वृक्षलागवडीचा खर्च आयकरातून वजा करण्याची सवलत दिली. योजना दिसावयास चांगली होती. परंतु ज्याला आयकरच भरावा लागत नाही, त्याला त्यातील सूट काय कामाची? लाभ झाला तो मोठ्या कंपन्यांचा व धनिकांचा. १९८६ मध्ये लागवडदारास सरकारी प्रमाणपत्र देण्याची पद्धत आली. कर भरताना ते पैशाप्रमाणे चाले आणि दुसऱ्यास विकताही येई. यामुळे कर न भरणाऱ्यासही वाट मिळाली. तथापि झाडे आधी स्वखर्चाने लावावी लागत. लहान शेतकऱ्याजवळ ते भांडवल कोठून असणार? म्हणून १९८८ मध्ये संघटित लहान शेतकऱ्यांसाठी आगाऊ प्रमाणपत्रे काढण्यात आली. आपल्या मते या साऱ्या क्रमातील खरे शहाणपणाचे पाऊल हेच होय.

पुढे १९९६ च्या वनकायद्याने धोरणाची दिशा पालटली. जंगल तोडून जमिनीचा अन्य उपयोग करण्यास बंदी आली आणि उभे जंगल समाजाची चार कामे करते, हे मान्य झाले : हवेतील कर्बवायू शोषणे, पाण्याचे रक्षण, जीवसृष्टीचे जतन व निसर्गसौंदर्य. या कामांचा मोबदला १९९७ पासून जमीनमालकास रोख मिळू लागला. पैसा उभा राहिला तो मुख्यतः इंधनावरील करातून. मोटार चालविणारा धूर सोडतो, जंगलवाला तो शोषून घेतो. तेव्हा एकाचा कर दुसऱ्याच्या हाती, असा हा सरळ हिशेब. अर्थखाते मात्र कायद्याने ठरविलेला हिस्सा पुरता देईना. अखेर २००१ च्या कायद्याने साडेतीन टक्के हिस्सा ठरविण्यात आला.

जंगल राखण्याचा करार पाच वर्षांचा असे. आरंभी हेक्टरी वर्षास सुमारे ४० डॉलर मिळत. २००५ मध्ये हा दर ६४ डॉलर झाला. आज देशाचा निम्म्याहून अधिक भाग पुन्हा वृक्षाच्छादित आहे. त्याचे सर्व श्रेय या मोबदल्यास देता येणार नाही. गोमांसाचा धंदा मंदावल्याने तोड आधीच कमी होऊ लागली होती.

लहान शेतकऱ्याच्या अडचणी येथेही होत्याच. आपल्याकडील सातबाऱ्यासारखा पक्का कागद नसेल, तर आरंभी सरकारी पैसा मिळत नसे. नकाशा व वनतज्ज्ञाचा आराखडा यांचा खर्च दोन-चार हेक्टरवाल्यास जड जाई. यावर उपाय म्हणून अनेकांचा मिळून एकच सामुदायिक करार करण्यात येऊ लागला. परंतु एकाने शर्त मोडली की सर्वांचे पैसे अडकत! भांडणे होणारच. पुढे अर्ज एकत्र, पण करार ज्याचा त्याचा, अशी व्यवस्था झाली.

ज्याला एक हेक्टरही जंगलासाठी मोकळे सोडता येत नाही, त्याचा विचार त्यानंतर झाला. २००३ पासून पिकांमध्ये व कुंपणाच्या कडेने लावलेल्या झाडांसाठीही करार होऊ लागले. त्यांचा मोबदला क्षेत्रावर न ठरता झाडांच्या संख्येवर ठरतो. कॉफीच्या मळ्यातील सावलीची झाडेही त्यात धरली जातात.