सर्वांत कमी वेळाची वाट आणि पावणेसात तास

वहीत मी आकडा लिहिला होता: तीन तास एक मिनिट. प्रत्यक्षात लागले पावणेसात तास, आणि शिखर तर गाठलंच नाही.

डोंगर होता स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचा स्गूर डेरग. तुमच्यापैकी अनेक जण संशोधन प्रस्ताव लिहायच्या तयारीत आहात, म्हणून आज हा फसलेला हिशोबच समजावून सांगतो. मॉडेल कुठे चुकतं हे पुस्तकात वाचून जितकं कळतं, त्यापेक्षा जास्त ते ओल्या कातळावर बसून कळतं!

तो आकडा आला कुठून?

१८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक साधा नियम मांडला. दर तीन मैलांना एक तास धरा आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास मिळवा. आज आपण ढोबळमानाने ताशी ५ किलोमीटर आणि ६०० मीटर चढाईला एक तास असं धरतो. माझी वाट जाऊन-येऊन साधारण ७ किलोमीटर आणि चढाई ९७० मीटर होती. म्हणजे अंतराचा १ तास २४ मिनिटं आणि चढाईचा १ तास ३७ मिनिटं. बेरीज बरोबर आहे, तपासून बघा.

नेस्मिथचा नियम उताराचा वेगळा हिशोब करत नाही. वॉल्डो टोबलर या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने १९९३ मध्ये जे सूत्र दिलं, त्यात तो येतो. त्याच्या मते आपण सर्वांत वेगात, ताशी ६ किलोमीटरने, चालतो ते सपाटीवर नव्हे, तर अगदी हलक्या उतारावर. सपाटीवर हा वेग ५ च्या आसपास येतो. ३० अंशांच्या चढावर तो पाऊण किलोमीटरच्याही खाली जातो, आणि तेवढ्याच उतारावर एक किलोमीटरच्या जरा अलीकडे राहतो.

संगणक वाट कशी शोधतो?

नकाशावर चौकटींची जाळी टाकायची. प्रत्येक चौकट म्हणजे एक बिंदू. शेजारच्या दोन बिंदूंना जोडणारी रेघ म्हणजे एक पाऊल, आणि त्या पावलाला लागणारा वेळ म्हणजे त्याची किंमत. वर जायची किंमत वेगळी आणि खाली यायची वेगळी, म्हणून प्रत्येक रेघेला दिशा असते. मग डायक्स्ट्राचा १९५९ चा अल्गोरिदम सर्वांत कमी बेरजेची वाट काढून देतो. उणे किंमत नसेल, तर तो हमखास बरोबर उत्तर देतो.

स्कॉटलंडमध्ये ही जाळी फार मोकळी मिळते. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या माणसाला बहुतेक सगळ्या माळरानावर-डोंगरावर चालायचा हक्क दिलेला आहे. वाट मळलेलीच हवी असं नाही. संगणकाला हे फारच आवडतं.

आता यात चूक कुठे झाली ते पाहू. अल्गोरिदममध्ये तर ती नव्हतीच.

पहिली चूक: डेटात डोंगरच नव्हता

स्गूर डेरगच्या माथ्यावर 'इनअ‍ॅक्सेसिबल पिनॅकल' नावाचं दगडाचं एक उभं पातं आहे. उंची ९८६ मीटर. शेजारच्या माथ्यापेक्षा ते फक्त ८ मीटरने उंच आहे आणि जाडीला अगदी अरुंद. तीन हजार फुटांवरच्या स्कॉटिश डोंगरांना 'मनरो' म्हणतात. अशा २८२ मनरोंपैकी दोर लावून कातळ चढावा लागतो असा हा एकच.

मी वापरलेला उंचीचा डेटा ५० मीटरच्या जाळीचा होता. इतक्या मोठ्या चौकटीत हे पातं मावणार कसं? ते सपाट होऊन नाहीसं झालं. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर तुमच्या प्रश्नाचा आकार डेटाच्या चौकटीपेक्षा लहान असेल, तर उत्तर कितीही नीट दिसलं तरी ते तुमच्या प्रश्नाचं नसतं.

दुसरी चूक: उतार कळला, दगड कळला नाही

टोबलरच्या सूत्राला ३० अंशांचा गवताळ उतार आणि ३० अंशांचा कातळ सारखाच. कुलिनची रांग मुख्यतः गॅब्रो या खरखरीत दगडाची आहे. तो ओला असतानाही बुटाला धरून ठेवतो. पण त्यात मधूनमधून बेसॉल्टचे पट्टे आहेत. पावसाळ्यात सह्याद्रीत घसरलेल्यांना बेसॉल्टची ओळख वेगळी करून द्यायला नको. ढग उतरले, दगड ओला झाला, आणि दहा मिनिटांच्या तुकड्याला आम्हाला पाऊण तास लागला.

त्यात इथला खडक चुंबकीय. होकायंत्र काढलं तर दोन पावलांवर सुई वेगळीच दिशा दाखवायला लागली. वाट शोधायला लागणारा वेळ माझ्या सूत्रात कुठेच नव्हता.

तिसरी चूक: चालणारा माणूस कोण?

कुलिनची मुख्य धार सुमारे १२ किलोमीटरची, चढाई साधारण तीन हजार मीटर. नेस्मिथ म्हणेल सात तास चोवीस मिनिटं. १९११ मध्ये शॅडबोल्ट आणि मॅक्लारेन यांनी ती पहिल्यांदा एका दिवसात पार केली. आजही बहुतेकांना बारा तासांहून जास्तच लागतात, आणि पुष्कळ जण मध्ये रात्र काढतात. उलट २०१३ मध्ये फिनले वाइल्ड या धावपटूने ती तीन तासांच्या आत संपवली. वाट तीच, जाळी तीच, आणि आकडे चारपटीने वेगळे. म्हणजे 'सरासरी माणूस' हे माझं गृहीतक होतं. ते मी लिहूनसुद्धा ठेवलं नव्हतं.

खरा प्रश्न: कमी काय करायचंय?

त्या दिवशी माझ्या विभागातली, तिथेच वाढलेली एक सहकारी बरोबर होती. निघतानाच ती म्हणाली होती, "दीड वाजता जिथे असू तिथून परत." दीड वाजला तेव्हा माझ्या हिशोबाने माथा वीस मिनिटांवर होता. मी म्हटलं, "एवढं आलोय, जाऊन येऊ ना." तिने घड्याळ दाखवलं. "तुझी वीस मिनिटं सकाळपासून प्रत्येक वेळी तासाभराची झालीत." आम्ही फिरलो. उतरायलाही चढण्याइतकाच वेळ लागला, आणि खाली पोचलो तेव्हा अंधार पडायला फार अवकाश नव्हता.

मी वेळ कमीत कमी करत होतो. ती परतीचा पर्याय उघडा ठेवत होती. ही दोन वेगळी उद्दिष्टं आहेत, आणि त्यांची उत्तरंही वेगळी येतात. स्कायवर जूनमध्ये साडेसतरा तासांहून जास्त उजेड असतो, डिसेंबरअखेर सात तासांहूनही कमी. त्यामुळे उजेड ही किंमत नाही, ती मर्यादा आहे. कड्याचंही तसंच. कड्याला 'खूप मोठी किंमत' देऊन भागत नाही. दुसरा मार्ग महाग निघाला, तर मॉडेल तुम्हाला कड्यावरूनच नेईल. ती रेघ जाळीतून काढूनच टाकावी लागते. पावसाने फुगणारा ओढा तर सकाळी उघडा आणि संध्याकाळी बंद. तिथे किंमत वेळेनुसार बदलते.

मग प्रस्ताव लिहिताना काय करायचं? आधी एका वाक्यात लिहा की आपण नेमकं काय कमी किंवा जास्त करतोय. किंमत कुठली आणि मर्यादा कुठली, ते वेगळं करा. डेटाची चौकट प्रश्नाला पुरते का ते बघा. आणि एक वजन दुप्पट केलं तर उत्तर उलटतं का, तेही तपासा. उलटत असेल तर तसं लिहा, लपवू नका. मार्गदर्शक विचारणारच आहेत.

आता माझ्या वहीत प्रत्येक तुकड्यापुढे तीन रकाने असतात: अंदाज, प्रत्यक्ष, आणि दोन्हींचं गुणोत्तर. पहिल्या दोन तुकड्यांत गुणोत्तर दीडच्या वर गेलं, तर उरलेल्या सगळ्या अंदाजांना त्यानेच गुणायचं आणि परतीची वेळ पुन्हा मांडायची. स्गूर डेरगवर हे केलं असतं, तर साडेअकरालाच कळलं असतं की आज माथा नाही.

पुढच्या जूनमध्ये परत जाणार आहे. दोर घेऊन, आणि दीडची वेळ आधीच लिहून.