रोजची चिलीम : सवय की आजार?

सेवाग्राम आणि पवनार येथील आश्रमांमुळे वर्धा जिल्ह्याचे नाव दारूबंदीशी जोडले गेले आहे. ही बंदी आजही लागू असून व्यसनाचा विषय निघाला की ग्रामसभेत चर्चा होते ती दारूचीच. गांजा मात्र सहसा चर्चेत येत नाही. गांजा ओढणारा बहुधा आरडाओरड करीत नाही, कामावरही जातो. त्यामुळे नवरा रोज संध्याकाळी चिलीम ओढतो याला व्यसन म्हणावे काय, हा प्रश्न घरातील स्त्री वर्षानुवर्षे मनातच ठेवते.

केवळ रोज ओढतो, एवढ्यावरून उत्तर मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत अवलंबित्वाची सहा लक्षणे दिली आहेत : अनावर ओढ, सेवनावर ताबा न राहणे, पूर्वीइतक्याच परिणामासाठी अधिक मात्रा लागणे, थांबविल्यास त्रास होणे, इतर कामांकडे व आवडींकडे दुर्लक्ष आणि अपाय दिसत असूनही सेवन चालू ठेवणे. वर्षभरात यांपैकी तीन लक्षणे एकत्र आढळल्यास तो आजार समजला जातो.

थांबविल्यानंतरच्या त्रासाविषयी मोठा गैरसमज आहे. दारू अचानक सोडणाऱ्यास कधीकधी झटके येतात; गांजाचे सहसा तसे होत नाही, म्हणून गांजाची सवय जडतच नाही असे मानले जाते. प्रत्यक्षात रोज ओढणाऱ्याने गांजा बंद केला की एकदोन दिवसांत चिडचिड सुरू होते, झोप उडते, भूक मंदावते. पहिल्या आठवड्यात हा त्रास अधिक असतो व साधारणतः दोन आठवड्यांत ओसरतो. 'ओढला की शांत, न ओढला की अंगावर येतो' असे सांगणारे कुटुंब गांजालाच औषध समजून बसते. ती चिडचिड पुष्कळदा गांजाचीच देणगी असते!

अर्थात प्रत्येक सेवन करणारा रुग्ण नव्हे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ३.१ कोटी लोकांनी वर्षभरात भांग, गांजा वा चरस घेतला होता. त्यापायी मदतीची गरज असलेले सुमारे ७२ लाख होते.

कायद्याच्या भीतीने रुग्ण दडविला जातो. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार गांजाचे सेवन हा गुन्हा असून सहा महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु याच कायद्याच्या कलम ६४-अ अन्वये, केवळ सेवनाचा वा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून शासकीय किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेऊ लागल्यास त्याच्यावर खटला चालविला जात नाही. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र हे संरक्षण काढून घेता येते. ही तरतूद सरपंचांना व शिक्षकांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

गांजा सोडविणारे खास औषध अद्याप नाही. उपचाराचा भर समुपदेशनावर असतो. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत मानसोपचार विभाग आहे, तसेच १४४४६ या निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर कुटुंबीयांनाही सल्ला मिळतो. जाण्यापूर्वी पत्नीने पंधरा दिवसांची साधी नोंद ठेवावी : पहिली चिलीम केव्हा, पैसे किती, मजुरी किती दिवस बुडाली, झोप कशी. नवरा नशेत असताना हा विषय काढू नये, आणि ग्रामसभेत तर मुळीच नाही. मात्र तो विनाकारण संशय घेऊ लागला, किंवा कोणी नसताना आवाज ऐकू येतात असे म्हणू लागला, तर नोंदीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.